लुदिविनाचं दार

लुदिविना मगबानुआने दार लावलं की ते लागलं. मग बाहेर बिशप उभा असो नाहीतर नवरदेव. आमच्या बिगकिस बंधुसंघाच्या राष्ट्रीय अधिवेशनात दारावर तीच असायची, आणि मतदान चालू असताना ते दार किलकिलं व्हावं म्हणून लोकांनी तिला काय काय देऊन पाहिलं नाही! दावावच्या शाखेने एकदा ड्युरियन आणलं. तिने ते तिथेच फोडलं, उभ्या उभ्या खाल्लं, साल त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "छान पिकलंय. मोजणी संपली की या आत."

आमचा संघ कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेला. रक्त द्यायचं, वादळानंतर तांदूळ पोचवायचा, शाळांची उडालेली छपरं बसवायची, हे आमचं काम. मनिलात आमचं ऑफिस आहे म्हणतात. आहे, पण तिथे एक टेबल, एक पंखा आणि एक मांजर. संघ खरा चालतो तो दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात. प्रत्येक शाखेला एक मत. अध्यक्ष कोण इथपासून घटनेतल्या स्वल्पविरामापर्यंत सगळं सभेत, सगळ्यांसमोर ठरतं. आमच्यात भावाला ब्रॉड म्हणतात आणि बहिणीला सिस, आणि एकदा ब्रॉड म्हटलं की त्या माणसाशी अधिवेशनभर भांडायचा हक्क मिळतो. मी निलो, निवृत्त मास्तर, संघाचा चिटणीस. शाखांची नावं पुकारायची आणि मतं लिहून घ्यायची हे माझं काम. व्यासपीठावरच्यांना मत नसतं, त्यामुळे माझं कोणी काही मनावर घेत नाही.

लुदिविना आणि मी एकाच शाखेचे, अंतिकेचे, आणि एकाच वर्षी संघात शिरलेले. माझं कॉलेज पुरं झालं, तिचं नाही. दुसऱ्या वर्षाला असताना तिचा बाप समुद्रावर गेला तो आलाच नाही. हाम्तिकच्या मासळीबंदरावर त्याचा बर्फाचा धंदा होता. लादी फोडायची आणि होडीवाल्यांच्या पेट्या भरायच्या. घरात चार धाकटी तोंडं. लुदिविनाने वह्या बांधून ठेवल्या आणि बर्फ फोडायची बापाची लाकडी मोगरी उचलली. आजही तिने हात मिळवला की समोरच्याची बोटं थोडा वेळ कामातून जातात.

आणि आमच्या घटनेत लिहिलेलं होतं की पदवी न घेता कॉलेज सोडलं तर माणूस सहसभासद होतो. सहसभासदाने घाम गाळावा, पोती उचलावीत, रक्त द्यावं; फक्त मत देऊ नये. आम्ही आपसात त्यांना 'अर्धे' म्हणायचो आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नसे.

मोठं वादळ झालं त्या वर्षी संघाचा तांदूळ लुदिविनाच्या घरात उतरवला होता, कारण अख्ख्या किनाऱ्यावर तिचंच छप्पर जागेवर होतं. तांदूळ आधी कुठे न्यायचा हे ठरवायला शाखा तिच्या अंगणात बसली. तिचीच बाकं, तिचीच कॉफी. मतं घ्यायची वेळ आली तसा आमचा तेव्हाचा शाखाप्रमुख घसा खाकरून म्हणाला, "नांग, जरा आत जाता का? मतदान आहे."

नांग म्हणजे ताई. ताई म्हणून हाक मारली आणि घरातून घरात हाकलली! ती गेली. चुलीपाशी उभी राहून, आपल्याच घरातली पोती कुठे जाणार ते भिंतीपलीकडून तिने ऐकलं. मग बाहेर आली आणि म्हणाली, "झालं? आणखी कॉफी ओतू?" मला त्या दिवशी जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती बर्फाचं पाणी ठिबकवत माझ्या शाळेत आली.

"निलो, ठराव कसा लिहितात?"

"कसला ठराव?"

"संघात राबणाऱ्या प्रत्येकाला मत. दुसरं काही लिहू नकोस, उगाच भाषा झाडू नकोस."

घटना बदलायची तर दोनतृतीयांश मतं लागतात. पहिल्या खेपेला लेगाझ्पीच्या अधिवेशनात तिचा ठराव असा आपटला की मोजायचीही गरज पडली नाही. ती तेव्हा सभागृहाबाहेर पायऱ्यांवर बसून होती, कारण मत नसलेल्याला आत जागा नाही. तिथेच तिला कळलं की दारपाल मात्र आत असतो, आणि दारपाल मत नसलेलाच लागतो, म्हणजे त्याला कोणाला आत घ्यायचं नि कोणाला बाहेर ठेवायचं यात स्वतःचं काही साधायचं नसतं. तेव्हाचा दारपाल एक म्हातारा होता, दाराला टेकून घोरायचा. पुढच्या अधिवेशनात दारपालाची काठी लुदिविनाच्या हातात होती.

मतदान पुकारलं की दार बंद, कडी लावायची, आणि निकाल जाहीर होईपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. अध्यक्षांनाही तो हुकूम मोडता येत नाही. दर दोन वर्षांनी ती बर्फ भावाच्या हवाली करायची, आमच्याकडचं चौकटीचं पातादियोंग लुंगीसारखं नेसायची, गळ्यात संघाचा पट्टा घालायची आणि बस, बोट, परत बस करत जिथे अधिवेशन असेल तिथे पोचायची. आपल्याच ठरावावर आपल्याच हाताने कडी लावायची, तो पडताना ऐकायचा, आणि मग कडी काढून लोकांना जेवायला सोडायचं. दर खेपेला ठराव थोड्या कमी मतांनी पडायचा. "ओहोटी लागलीय," ती म्हणायची, "खडक दिसेलच."

ठरावाला सगळ्यात कडवा विरोध अटर्नी व्हियारुझ यांचा. मनिलाचे वकील, इस्त्रीच्या घडीसारखे सरळ, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांचं नि लुदिविनाचं आधीचं एक प्रकरण होतं. कागायानच्या अधिवेशनात ते अध्यक्षपदाला उभे होते. मतदानाच्या ऐन वेळी स्वतःच्याच दोन समर्थकांना घेऊन ते बाहेर कॉफीवर पुढच्या मंत्रिमंडळाची जुळवाजुळव करत बसले. परत आले तो दार बंद. ठोठावलं, ओरडले, कायदा सांगितला. दार जागचं हललं नाही आणि अध्यक्षपद दोन मतांनी गेलं. तेव्हापासून ते सांगत सुटले, "त्या बर्फवालीने माझं अध्यक्षपद गोठवलं. मी तिच्या ठरावाविरुद्ध होतो ना!" लुदिविनाने कधी उत्तर दिलं नाही. मी चिडायचो, ती म्हणायची, "सोड रे. माणूस बाहेर राहिला की त्याला काहीतरी वाटतंच."

दुमागेतेच्या अधिवेशनाला आम्ही तिघं निघालो. मी, लुदिविना आणि आमच्या शाखेचा प्रतिनिधी रोदेलो. हा रोदेलो पशुवैद्यकीय खात्यात, गावोगाव डुकरांना सुया टोचणारा, गोलमटोल आणि सदा भुकेला. देवाने त्याला एकच विशेष गोष्ट दिली होती, ती म्हणजे रक्त. आमच्या बेटांवर शोधून सापडत नाही असा निगेटिव्ह गट. कुठल्याही गावात गेला की तिथली शाखा आधी त्याचं नाव इस्पितळात कळवून ठेवते. बोटीवर आम्ही एकेक शाखा बोटांवर धरली. कापिझ आपलं, झाम्बोआंगा आपलं, मिंदोरो या वेळी वळलंय. पुन्हा पुन्हा मोजलं. दोनतृतीयांश बरोबर भरत होते, पण वर एकही मत नव्हतं.

"रोदेलो," लुदिविना म्हणाली, "उद्या तुला जुलाब झाले तरी खुर्ची सोडायची नाही."

"नांग, मग त्या भाताच्या वड्या खाऊ देता का आज?"

"एक खा."

तीन खाल्ल्या त्याने.

ठराव कामकाजात जेवणानंतरचा होता. सकाळी हिशोबाचं रटाळ वाचन चाललं होतं, दार उघडंच होतं, आणि इस्पितळाचा एक माणूस धापा टाकत दाराशी आला. लुदिविनाशी काहीतरी बोलला. मी व्यासपीठावरून बघत होतो. ती एकदम थांबली. तिने रोदेलोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगतो, निरोप जेवणापर्यंत दाबून ठेव असं मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ती चालत गेली आणि तिने रोदेलोचा खांदा हलवला.

"ऊठ. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. तुझ्याच गटाचं हवंय."

"नांग, आणि ठराव?"

"जेवणानंतर आहे. पळ."

"आणि त्यांनी आधीच घेतला तर?"

"बाई मरतेय तिकडे, रोदेलो."

तो पळाला. एवढा जाड माणूस इतक्या वेगात पळताना मी पूर्वी पाहिला नव्हता.

आणि झालं तेच. हिशोब संपतात न संपतात तोच अटर्नी उठले. त्यांचं दुपारचं विमान होतं, घटनेचा ठराव आताच घ्यावा अशी त्यांनी विनंती केली. रोदेलो कुठे गेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. माणूस हट्टी होता, कपटी नव्हता. कापिझच्या सिस नेनितांनी विरोध केला, पण बाहेर अंगणात लेचोन, म्हणजे अख्खं डुक्कर, निखाऱ्यांवर भाजत होतं आणि त्याचा वास खिडक्यांतून आत येत होता. उरकून घ्या आणि जेवायला चला, असं सभेचं मत पडलं. भुकेल्या सभेपुढे कसली बाजू मांडणार?

अटर्नी बोलायला उभे राहिले. "मत हे बक्षीस नाही, जबाबदारी आहे. हे सहसभासद मनाचे चांगले आहेत, मान्य. पण ते मनानेच चालतात. आपल्या माणसासाठी नियम वाकवतील, आणि नको असलेल्या माणसावर दार लावतील." हे बोलताना त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. सभेत काही जण हसले. लुदिविना हसली नाही, रागावलीही नाही.

आमच्या अध्यक्ष झाम्बोआंगाच्या दंतवैद्य सिस झोराइदा. ठराव त्यांना हवा होता, पण हात बांधलेले. त्यांनी अगदी हळू, एकेक शब्द चावून म्हटलं, "मतदानाला... सुरुवात... करू या. दारपाल, दार."

लुदिविनाने बाहेर रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी लावली.

मी नावं पुकारू लागलो. यादीतल्या पहिल्या आगुसान शाखेपासून वाचत गेलो, जमेल तितका रेंगाळत. मधेच पाणी प्यालो. परत प्यालो. निम्मी यादी झाली असेल नसेल, आणि दारावर धाडधाड झालं.

"नांग! आलो मी! उघडा!"

मी पुकारता पुकारता थांबलो. मग एकदमच गलका उठला. "नांग, उघडा की!" "आपलाच माणूस आहे!" "धावत आलाय बिचारा!" कापिझच्या नेनिता तर खुर्चीवर चढल्या. लुदिविनाने काठी जमिनीवर आपटली.

"मतदान चालू आहे."

तिचा आवाज फाटला होता. मी ग्लासाकडे हात नेला.

"निलो," ती दारातून म्हणाली, "पाणी पुरे. वाच."

गैरहजर शाखेचं नाव शेवटी तीनदा पुकारायचं असतं. "अंतिके," मी म्हणालो. बाहेरून रोदेलो जीव तोडून ओरडला, "मान्य! मान्य! अंतिके मान्य!" अख्ख्या सभेने ऐकलं. झोराइदांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाची पानं चाळायचं सोंग केलं. उत्तर लुदिविनानेच दिलं.

"दाराबाहेरचा आवाज सभेत नसतो, मॅडम अध्यक्ष."

दुसऱ्यांदा अंतिके. तिसऱ्यांदा अंतिके. ठराव एका मताने पडला.

तिने कडी काढली. रोदेलो दाराला रेलून उभा होता तो आतच कोसळला. घामाने निथळत होता, दंडाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने कापूस लावलेला.

"नांग, मी ओरडलो होतो..."

"ऐकलं मी. बाई?"

"वाचली. मुलगी झाली."

"बरं झालं," लुदिविना म्हणाली, आणि तिथे, सगळ्यांसमोर, तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला बापाच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मोठी बाई, लादी फोडणारे हात, आणि पातादियोंगच्या काठाने नाक पुसतेय.

लेचोनच्या रांगेत नेनितांनी तिला गाठलंच. "काय मिळवलंस गं? एवढी वर्षं राबलीस, आणि एक कडी सरकवायला हात धजला नाही? आपलेच दात, आपलेच ओठ!"

"कागायानला अटर्नींसाठी नव्हती सरकवली," लुदिविना म्हणाली. "मग आज कशी सरकवू?"

अटर्नी रांगेत तिच्या दोन माणसं पुढे होते. ताट हातात तसंच धरून ते वळले. रोदेलोच्या दंडाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"रक्त दिलं, अटर्नी. इस्पितळातून बोलावणं आलं होतं."

"ऐन मतदानाच्या दिवशी? तुला पाठवलं कोणी?"

"नांगनीच."

अटर्नींनी ताट खाली ठेवलं आणि न जेवताच निघून गेले. मला वाटलं विमानतळावर गेले.

जेवणानंतर सभा भरली तर ते आपल्या जागेवर. हात वर. आमच्या नियमात पडलेला ठराव त्याच अधिवेशनात पुन्हा उघडता येतो, पण ती मागणी हरलेल्याने करायची नाही, नाहीतर हरणारे रोज तेच उकरतील. जिंकलेल्या बाजूनेच म्हणायचं की थांबा, परत बघू. तसं म्हणणारा जिंकलेला माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

"फेरविचाराची मागणी करतो," अटर्नी म्हणाले. कोणीतरी चमचा पाडला.

"माझं मत बदललेलं नाही. ठराव चुकीचा आहे आणि मी परत विरोधातच मत देणार आहे. पण कागायानपासून मी एका बाईबद्दल एक गोष्ट मनात धरून होतो, आणि ती खोटी होती. आज सकाळी ती मी इथे बोलूनही दाखवली. ती परत घेतो." त्यांनी घसा साफ केला. "हरायचं तर पुऱ्या सभेत हरू. मोजणी परत करा."

झोराइदांनी या वेळी शब्द चावले नाहीत. "दारपाल, दार!"

लुदिविना दारापाशी गेली, पण कडीला हात लावायच्या आधी वळली. "रोदेलो, खाली बस. नेनिता, त्याच्या मांडीवर बसलीस तरी चालेल. आता कोणी रक्त मागायला आलं तर मी स्वतः जाते."

सभा खो खो हसली आणि दार बंद झालं.

मी परत पहिल्यापासून नावं पुकारली. मनिला म्हटल्यावर अटर्नी ताडकन उठले आणि "अमान्य!" असं गर्जले, जणू कोणी ते विसरलं असतं. अंतिके म्हटल्यावर रोदेलोने "मान्य" इतक्या जोरात म्हटलं की खिडकीत बसलेलं एक मांजर पळालं. बाकी कोणी बाजू बदलली नाही. ठराव मंजूर. एका मतानेच.

खुर्च्या उडाल्या, टोप्या उडाल्या. मिंदोरोची माणसं नाचायला लागली. पण दार बंदच होतं, कारण निकाल जाहीर झाल्यावर ते उघडायचं काम लुदिविनाचं, आणि तिला कडी सापडत नव्हती. हात फळीवर चाचपडत होता. मी खाली उतरून मदतीला जाणार होतो, तेवढ्यात सापडली.

झोराइदा म्हणाल्या, "सिस लुदिविना, ठराव मंजूर झाला त्या क्षणापासून लागू आहे. आपल्या शाखेत येऊन बसा."

"आणि दार?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. दारपालाला मत असून चालत नाही, आणि व्यासपीठ सोडलं तर सभेत आता मत नसलेलं कोणी उरलंच नव्हतं. वकील मंडळी पुस्तकं उघडायला लागली. रोदेलो उठला, शाखेचा मताचा फलक त्याने लुदिविनाच्या हातात दिला आणि तिची काठी स्वतः घेतली. "शाखेला मत एक. ते नांग देतील. म्हणजे या सभेपुरतं मला मत नाही. झालो मी दारपाल."

ती आमच्या शाखेच्या खुर्चीवर येऊन बसली. टोकाला, अर्धी खुर्ची मोकळी सोडून.

कामकाजातला पुढचा विषय होता पुढच्या अधिवेशनाच्या टी-शर्टचा रंग. पिवळा की निळा. एवढ्या वर्षांनी मिळालेलं पहिलं मत आणि ते कशावर, तर टी-शर्टवर! मला हसू येत होतं. दार लागलं. मी नावं वाचायला घेतली. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"व्हियारुझ! मनिला! दोन मिनिटं फोन करायला गेलो होतो, विमान चुकलंय माझं!"

सभा पोट धरून हसू लागली. रोदेलोने कडीवर हात ठेवून लुदिविनाकडे पाहिलं. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"मतदान चालू आहे," ती म्हणाली.

बाहेरून अटर्नींचा आवाज आला, "बरोबर आहे." आणि पायऱ्यांवर कोणीतरी बसल्याचं ऐकू आलं.

"अंतिके," मी पुकारलं.

लुदिविना उभी राहिली. पातादियोंग सारखं केलं, फलक दोन्ही हातांनी वर धरला, आणि मासळीबंदराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "निळा!"

निळा पडला. चांगलाच पडला. संध्याकाळी मी तिला म्हटलं, पहिलंच मत वाया गेलं गं.

"वाया कसलं?" ती म्हणाली. "ठराव लिहायला घे. पुढच्या अधिवेशनात परत मांडू."